व्हिक्टोरियाकालीन विवाहविषयक उपहासचित्रे

इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) प्रणयाराधन, वरसंशोधन व दांपत्यजीवन यांतील विसंगतींवर काढलेली विनोदी व उपरोधिक चित्रे. नियतकालिकांतील व्यंगचित्रे, ग्रंथांतील कथाचित्रे आणि स्वस्त छापील भेटपत्रे ही त्यांची प्रमुख माध्यमे होत.

या परंपरेचा उगम अठराव्या शतकात आढळतो. विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) याने मॅरेज ए-ला-मोड या सहा चित्रांच्या मालिकेत (सु. १७४३) कर्जबाजारी उमराव व धनिक व्यापारी यांनी आपल्या अपत्यांच्या विवाहाचा केलेला सौदा आणि त्याचा भीषण शेवट दाखविला. व्हिक्टोरियाकालीन चित्रकारांनी हा विषय पुढे चालविला. मात्र सर्व कुटुंबाने एकत्र पाहावे असे सौम्य रूप त्यास दिले. लंडन येथे १८४१ साली निघालेले पंच हे साप्ताहिक त्याचे प्रमुख व्यासपीठ ठरले. लाकडी ठोकळ्यावर कोरलेले चित्र मजकुराबरोबरच छापता येत असल्याने ते अल्प खर्चात घरोघरी पोहोचू लागले.

जॉन लीच (१८१७–६४) याने मध्यमवर्गीय घरांतील प्रसंग प्रसन्न विनोदाने रंगविले. क्रिनोलिन या पोलादी कड्यांच्या घेरदार परकरामुळे स्त्रीच्या जवळ जाणेही अशक्य झालेला पुरुष हा त्या काळातील व्यंगचित्रांचा आवडता विषय होता. लीचनंतर पंचमध्ये आलेल्या जॉर्ज द्यू मॉरिए (१८३४–९६) याने उच्चभ्रू दिवाणखान्यांतील महत्त्वाकांक्षी माता व प्रतिष्ठेचा हव्यास यांवर नेमके बोट ठेवले. चहाच्या किटलीच्या योग्यतेचे जीवन जगण्याचा संकल्प करणारे त्याचे सौंदर्यवादी नवदांपत्य (१८८०) प्रसिद्ध आहे. १८४० मध्ये टपालाचा दर एक पेनी झाल्यावर व्हॅलेंटाइन दिनी निनावी पाठविली जाणारी कुचेष्टेची भेटपत्रेही फोफावली. प्रौढ कुमारिका हे त्यांचे हमखास लक्ष्य असे.

या विनोदामागील वास्तव कठोर होते. १८५१ च्या जनगणनेनुसार ग्रेट ब्रिटनमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा सु. पाच लाखांनी अधिक होती. मध्यमवर्गीय स्त्रीला घरगुती शिक्षिकेच्या नोकरीव्यतिरिक्त प्रतिष्ठित व्यवसाय फारसे उपलब्ध नव्हते. त्यामुळे विवाह हेच तिच्या उपजीविकेचे मुख्य साधन होते. उलट, विवाहानंतर तिची मिळकत सामान्यतः पतीची होई. १८७० व १८८२ च्या कायद्यांनी ही स्थिती बदलली. वरसंशोधनाची ‘बाजारपेठ’ चित्रकारांनी अचूक हेरली. परंतु ती निर्माण करणाऱ्या कायद्यापेक्षा तीत उभ्या असलेल्या स्त्रीलाच त्यांनी अधिक हसविषय केले. एडविन लाँग याने तोच बाजार प्राचीन बॅबिलनमध्ये कल्पून रंगविलेले द बॅबिलोनियन मॅरेज मार्केट (१८७५) हे चित्र उपहासचित्र नसूनही या दृष्टीने अधिक बोलके आहे. सौंदर्याच्या क्रमाने लिलावासाठी बसविलेल्या त्यातील तरुणी पाहून समकालीन रसिकांना स्वतःच्याच समाजाची आठवण झाली.

१८९० नंतर सायकल चालविणारी, धूम्रपान करणारी व विवाहाविषयी उदासीन अशी ‘नवी स्त्री’ व्यंगचित्रांत अवतरली. जी पूर्वी पतीच्या शोधात असल्याबद्दल हास्यास्पद ठरे, तीच आता तो नको असल्याबद्दल हास्यास्पद ठरली. म्हणूनच तत्कालीन वेशभूषा व शिष्टाचार यांच्या अभ्यासास ही चित्रे जशी उपयुक्त आहेत, तशीच ती काढणाऱ्या व पाहणाऱ्या समाजाच्या पूर्वग्रहांचा पुरावा म्हणूनही महत्त्वाची आहेत.