ठिपक्यांची शर्यत : पंच नसलेले ४,४०० किलोमीटर आणि साक्षीचा प्रश्न

१/
जून महिन्याचा दुसरा शुक्रवार. कॅनडातील बॅन्फ या डोंगरी गावातून सायकलस्वारांचा एक जथा दक्षिणेकडे निघतो. त्यांना गाठायचे असते अँटिलोप वेल्स, म्हणजे अमेरिका-मेक्सिको सीमेवरची वाळवंटातील एक एकाकी चौकी. अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर. प्रवेशशुल्क नाही, रोख बक्षीस नाही, वाटेत एकही पंच नाही. शर्यतीचे नाव ‘टूर डिव्हाइड’.

२/
पंच नसेल, तर एखाद्याने संपूर्ण वाट खरोखरच स्वतःच्या बळावर कापली हे ठरवायचे कोणी? या शर्यतीचा इतिहास हा बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे. त्याची मुळे माउंटन बाइकच्या जन्माआधी, थेट १८९७ पर्यंत जातात.

३/
प्रथम भूगोल. महाबळेश्वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस कृष्णेतून पूर्व समुद्राला जातो किंवा सावित्रीतून पश्चिम समुद्राला. उत्तर अमेरिकेत हेच काम रॉकी पर्वताचा कणा करतो. पाणी एका बाजूने प्रशांत महासागराकडे, दुसऱ्या बाजूने अटलांटिककडे. या जलविभाजक रेषेला ‘काँटिनेंटल डिव्हाइड’ म्हणतात.

४/
टूर डिव्हाइडची वाट ही रेषा पुनःपुन्हा ओलांडते. उत्तरेत ग्रिझली अस्वलांची अरण्ये, वायोमिंगमध्ये ज्याचे पाणी कोणत्याच समुद्राला मिळत नाही असे कोरडे खोरे, कोलोराडोत ३,६०० मीटरहून उंच इंडियाना खिंड, न्यू मेक्सिकोत पावसानंतर चाके जागीच रुतवणारा चिखल. एकूण चढण एव्हरेस्टच्या उंचीच्या सहापटीहून अधिक भरते.

५/
आता १८९७. मोंटाना राज्यातील फोर्ट मिझूला येथे अमेरिकी लष्कराची २५ वी पायदळ पलटण होती. तिचे सैनिक कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. लेफ्टनंट जेम्स मॉस यांना सिद्ध करायचे होते की घोड्याला दाणापाणी लागते, सायकलला नाही. म्हणून पायदळाने सायकल स्वीकारावी.

६/
१४ जून १८९७ रोजी २० सैनिक, मॉस, एक लष्करी डॉक्टर आणि एडवर्ड बूस नावाचा तरुण वार्ताहर सेंट लुईसच्या दिशेने निघाले. अंतर १,९०० मैल, म्हणजे सुमारे ३,०६० किलोमीटर. सायकलींना गिअर नव्हते. प्रत्येक सायकलवर तंबूचा भाग, पांघरूण, शिधा आणि बंदूक असा भार होता.

७/
चिखलात चाके फिरेनाशी झाली, की सायकली लोहमार्गावर चढवून स्लीपरवरून धक्के खात पुढे जायचे. डोंगरात जूनमध्येही बर्फ लागला. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत उन्हाने आणि क्षारयुक्त पाण्याने अनेकजण आजारी पडले. ४१ दिवसांनी, २४ जुलै रोजी, तुकडी सेंट लुईसला पोहोचली. तिच्या स्वागताला हजारो नागरिक जमले होते.

८/
या प्रवासाची साक्ष दोघांनी नोंदवली. मॉस यांनी वरिष्ठांना अहवाल दिला, तर बूस यांची वार्तापत्रे वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत पोहोचली. आज इतिहासकार जे वाचतात ते मुख्यतः या दोघांचे शब्द आहेत. ज्या वीस जणांनी त्या सायकली ओढल्या, त्यांचा स्वतःचा आवाज त्या कागदांत फार क्षीण ऐकू येतो.

९/
त्या वीस जणांत मिंगो सँडर्स हे ज्येष्ठ सार्जंट होते. एका स्फोटात त्यांची दृष्टी अधू झालेली होती, तरीही ते ४१ दिवस चालवत राहिले. पुढे १९०६ मध्ये टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथे रात्री गोळीबार झाला आणि गावातील गोऱ्या रहिवाशांनी या पलटणीवर आरोप केला.

१०/
सैनिक त्या वेळी बराकीत होते, असे त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीही सांगितले. तरीही राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कोणताही खटला न चालवता १६७ जणांना बडतर्फ केले. त्यांत सँडर्स होते. पंचवीसहून अधिक वर्षांच्या सेवेनंतर त्यांचे निवृत्तिवेतनही गेले. १९२९ मध्ये ते वारले. लष्कराने ती बडतर्फी रद्द केली १९७२ मध्ये.

११/
म्हणजे अंतर तुडवणे पुरेसे नसते. ते तुडवणाऱ्याच्या शब्दाला वजन द्यायचे की नाही, हे दुसरेच कोणीतरी ठरवत असते. सायकल तुकडी तर १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर इतिहासजमा झाली. मिझूला शहराचा सायकलशी असलेला संबंध मात्र पाऊण शतकानंतर पुन्हा जुळला.

१२/
१९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे दोनशेवे वर्ष. त्या उन्हाळ्यात ‘बाइकसेंटेनियल’ या उपक्रमात हजारो लोकांनी सायकलवरून देशाची सफर केली. त्यातून मिझूला येथे उभी राहिलेली संस्था पुढे ‘अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे मुख्य काम लांब पल्ल्याचे सायकलमार्ग शोधणे आणि त्यांचे नकाशे छापणे.

१३/
त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात ‘रिपॅक’ ही उताराची शर्यत सुरू झाली. जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन तरुण मातीच्या रस्त्यावरून सुसाट खाली येत. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची, चार्ली केली या मंडळींच्या खटपटीतून माउंटन बाइक आकाराला आली. १९८१ पासून ती कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली.

१४/
नकाशा आणि सायकल यांची गाठ १९९० च्या दशकात पडली. मिझूलाच्या संस्थेने जंगलखात्याचे रस्ते, खाणींच्या जुन्या वाटा आणि कच्च्या सडका जोडून ‘ग्रेट डिव्हाइड’ मार्ग आखला. हेतू निवांत भटकंतीचा होता. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जावे, तंबू ठोकावा, तारे पाहावेत. शर्यतीची कल्पना त्या नकाशांत कुठेच नव्हती.

१५/
ती कल्पना जॉन स्टॅमस्टॅड यांच्यामुळे आली. १९९६ मध्ये चौघांच्या संघांसाठी असलेल्या २४ तासांच्या एका शर्यतीत त्यांनी स्वतःच्याच नावाची चार रूपे लिहून ‘संघ’ नोंदवला आणि एकट्याने ती पूर्ण केली. १९९९ मध्ये त्यांनी ग्रेट डिव्हाइडचा अमेरिकेतील भाग एकट्याने सुमारे १८ दिवसांत पार केला.

१६/
२००४ मध्ये माइक क्युरियाक यांनी याच वाटेवर ‘ग्रेट डिव्हाइड रेस’ सुरू केली आणि १६ दिवसांहून किंचित अधिक वेळात स्वतःच जिंकली. नियम थोडके होते. दुकान, खाणावळ, लॉज असे जे सर्वांना उपलब्ध आहे ते वापरा. आधी ठरवलेली खासगी मदत घेऊ नका. वाट सोडलीत तर सोडल्या जागीच परत या.

१७/
त्या काळी मागोवा घ्यायचा तो आवाजाचा. स्वार एखाद्या खेड्यातील सार्वजनिक फोनवरून निरोप ठेवीत; ध्वनिमुद्रित झालेला तो थकलेला आवाज दूरवरचे रसिक इंटरनेटवर ऐकत. दोन फोनांच्या मधले तीनशे-चारशे किलोमीटर कसे गेले, याला स्वाराच्या शब्दापलीकडे पुरावा नसे आणि तो मागण्याची रीतही नव्हती.

१८/
२००८ मध्ये मॅथ्यू ली यांनी सुरुवात कॅनडातील बॅन्फला नेऊन टूर डिव्हाइड उभी केली. याच सुमारास खिशात मावणारे उपग्रह-ट्रॅकर बाजारात आले. ली आणि स्कॉट मॉरिस यांनी ‘ट्रॅकलीडर्स’ हे संकेतस्थळ सुरू केले. प्रत्येक स्वार नकाशावरील एक ठिपका झाला. दर काही मिनिटांनी तो पुढे सरके.

१९/
मराठी वाचकांना अतिदीर्घ सायकलिंग परिचित आहे ते ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’मुळे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने ती पूर्ण केली. त्या शर्यतीत मागून मदतपथकाची गाडी असते, अधिकारी असतात. डिव्हाइडवर स्वाराच्या मागे कोणीच नसते. असतो तो ठिपका.

२०/
ठिपके पाहणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. इंग्रजीत त्यांना ‘डॉट-वॉचर’ म्हणतात. ठिपका चार तास थांबला तर झोप, एखाद्या गावात वीस मिनिटे थांबला तर खाण्याची खरेदी, वाटेपासून ढळला तर चूक, असे वाचन ते करतात. पंच नसलेल्या शर्यतीला अशा प्रकारे हजारो बिनपगारी साक्षीदार मिळाले.

२१/
तरीही अंतिम भार स्वाराच्या प्रामाणिकपणावरच राहिला. २०१३ मध्ये ब्रिटनचे माइक हॉल साडेचौदा दिवसांच्या आत पोहोचले. वणव्यामुळे न्यू मेक्सिकोत वाट पक्क्या रस्त्यावर वळवावी लागली होती, म्हणून ती वेळ अधिकृत विक्रम मानली गेली नाही. २०१६ मध्ये ते परतले आणि पूर्ण वाट १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांत संपवली.

२२/
२०१५ मध्ये लेल विल्कॉक्स अलास्कातील घरापासून सायकलवरूनच बॅन्फला आल्या. श्वसनाचा त्रास अंगावर काढत त्यांनी १७ दिवसांत महिलांचा विक्रम केला. त्याच उन्हाळ्यात त्या एकट्याच पुन्हा त्या वाटेवर उतरल्या आणि तो १५ दिवस १० तास ५९ मिनिटांवर आणला. या वेळी सोबत प्रतिस्पर्धीही नव्हते. नकाशावर एकच ठिपका हलत होता.

२३/
ठिपका पाहणे नेहमीच सुखाचे नसते. २०१० च्या टूर डिव्हाइडमध्ये कोलोराडोत वाहनाशी धडक होऊन एका स्वाराचा मृत्यू झाला. ३१ मार्च २०१७ च्या पहाटे माइक हॉल ऑस्ट्रेलियातील ‘इंडियन पॅसिफिक व्हील रेस’मध्ये कॅनबेराजवळ मोटारीच्या धडकेत मरण पावले. जगभर बसून त्यांचा पाठलाग करणाऱ्यांच्या पडद्यावर तो ठिपका पुढे सरकला नाही. शर्यत तेथेच रद्द झाली.

२४/
मग २०१९ मध्ये प्रश्न उलटा आला. विल्कॉक्स यांच्यावर माहितीपट करण्यासाठी एक चमू वाटेत ठिकठिकाणी चित्रीकरण करत होता, आणि त्यात त्यांची जोडीदारही होती. आक्षेप निघाला : अन्न-पाणी दिले नाही तरी ओळखीचा चेहरा दिसणे ही मदत नव्हे काय? विल्कॉक्स यांना त्या वर्षी शर्यत सोडावी लागली. वाद मात्र पुढेही चालला.

२५/
दोन्ही बाजूंत तथ्य होते. एकाकीपणा हाच ज्या शर्यतीचा गाभा, तिथे कॅमेरा तो एकाकीपणा मोडतो. पण चित्रण झालेच नाही, तर स्त्रियांचे पराक्रम लोकांच्या नजरेस येणार कसे? बूस सोबत नसते तर १८९७ चे वीस सैनिक आज एका लष्करी अहवालापुरते उरले असते.

२६/
२०२५ मध्ये स्वित्झर्लंडचे रॉबिन गेम्पर्ले यांनी हीच वाट ११ दिवस १९ तासांत संपवली. विक्रम असे झपाट्याने खाली येत आहेत. साक्षीची व्यवस्था मात्र तीच आहे : एक ट्रॅकर, अनोळखी माणसांची नजर आणि स्वाराचा शब्द.

२७/
येत्या जूनमध्ये नकाशा उघडणाऱ्यांनी मोंटानातील हेलेना शहरावर लक्ष ठेवावे. बॅन्फहून येणारी वाट तेथे १८९७ च्या सायकल तुकडीची वाट छेदते. आघाडीचे ठिपके तिथून काही तासांत निघून जातात. मागचे आठवडाभर येत राहतात. त्यांना बक्षीस नाही, मथळाही नाही. पण कोणी पाहिले, तर त्यांच्याही प्रवासाला साक्षीदार मिळतो.

॥ धागा समाप्त ॥