तेरड्याचें परदेशगमन

तेरड्याचा रंग तीन दिवस, असें आपण म्हणतों. पण त्याच्याच हिमालयीन भावंडानें इंग्लंडांत पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकला आहे. १८३९ सालीं शोभेकरितां तें तेथें नेण्यांत आलें; मायदेशीं त्यास आवर घालणारे कीटक व रोग मात्र मागेंच राहिले. पिकलेलें बोंड तडकतांच बीं सात मीटरपर्यंत उडतें. १८५५ पर्यंत तें बागेबाहेर पडलें व पुढें त्यानें नदीकांठ व्यापले. २०१४ सालीं हिमालयांतलाच तांबेरा तेथें मुद्दाम सोडावा लागला. वस्तुतः मुळें उथळ व बीं अल्पायुषी असल्यामुळें, बोंडें धरण्यापूर्वीं दोन-तीन वर्षें नेमानें उपटल्यास त्या जागेंतून तें हटतें. फूल परमुलखीं नेणारानें आधीं त्याच्या बोंडाची चौकशी करावी, असें आम्हांस वाटतें.