अर्धांगानंतरचे सहा महिने : मेंदूच्या पुनर्वसनाचे शास्त्र आणि माढा तालुका

माढा तालुक्यात कुणाच्या अंगावरून वारे गेले, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, की घरासमोर दोन वेगवेगळी कामे उभी राहतात. पहिले काम काही तासांचे असते. रुग्णाला वेळेत मोठ्या रुग्णालयात पोचवायचे, मेंदूचा जेवढा भाग वाचवता येईल तेवढा वाचवायचा. दुसरे काम काही महिन्यांचे असते. जो भाग गेला त्याचे काम उरलेल्या मेंदूला शिकवायचे. गेल्या तीस वर्षांत दोन्ही कामांचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. पहिल्या कामाची निदान चर्चा तरी होते. दुसरे मात्र अजूनही ‘घरी नेऊन मालिश करा, व्यायाम करून घ्या’ एवढ्यावर सोपवले जाते. या लेखातील मुख्य प्रतिपादन या दुसऱ्या कामाविषयी आहे. पुनर्वसन हा औषधासारखाच उपचार असतो. त्याला मात्रा असते, वेळ असते आणि ती मात्रा देणारा प्रशिक्षित माणूस लागतो.

हा आजार शहरी, सुखवस्तू लोकांचा, ही समजूत महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासाने मोडीत काढली. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि ‘सर्च’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झाले होते आणि मृत्यूच्या कारणांत तेच पहिल्या क्रमांकावर होते. त्यांतील बहुतेक माणसे घरीच गेली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उजनीचे पाणी, ऊस, साखर कारखाने आणि पुणे-सोलापूर महामार्ग असलेला माढा तालुका गडचिरोलीपेक्षा कितीतरी वेगळा आहे. पण न मोजलेला रक्तदाब, तंबाखू आणि मिश्री या दोन्हीकडे आहेत, आणि पक्षाघाताच्या कारणांत वाढलेला रक्तदाब सर्वांत मोठा आहे.

पहिले साडेचार तास

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की मध्यभागाच्या पेशी काही मिनिटांत मरतात. त्यांच्या भोवतालचा पट्टा मात्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून मिळणाऱ्या थोड्याथोडक्या रक्तावर तग धरून राहतो. उपचार होतो तो या पट्ट्यावर. मोठी वाहिनी बंद राहिली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेज या औषधाचा फायदा १९९५ साली अमेरिकेतील चाचणीत पहिल्या तीन तासांपुरता सिद्ध झाला. २००८ च्या युरोपीय चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. अल्टेप्लेज तासभर शिरेतून द्यावे लागते. टेनेक्टेप्लेज मात्र एकाच इंजेक्शनात देता येते, आणि ते पुण्याजवळ हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने देशातच तयार केले आहे. तालुक्यातून रुग्ण पुढे पाठवताना हा फरक मोठा ठरतो. मांडीच्या किंवा मनगटाच्या रोहिणीतून नळी घालून गुठळी बाहेर ओढण्याची पद्धत २०१५ साली एकामागून एक आलेल्या पाच चाचण्यांनी प्रस्थापित केली. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, हे २०१८ मध्ये दिसले.

माढ्याहून सोलापूर साठ-सत्तर किलोमीटर आणि बार्शी त्याहून जवळ. म्हणजे रस्त्यामुळे साडेचार तास संपत नाहीत. वेळ जातो तो घरात आणि गावात. ‘पडून राहू द्या, सकाळी बघू’ म्हणण्यात, वैदूकडे नेण्यात, कबुतराचे रक्त चोळण्यात. कबुतराच्या रक्ताचा किंवा मांसाचा लकव्यावर काडीचाही उपयोग नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. तो उपाय करणारा माणूस रुग्णावर माया करणाराच असतो, पण जे तास हातातून जातात ते परत येत नाहीत. घड्याळ सुरू होते ते रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून. म्हणून ती वेळ कागदावर लिहून रुग्णाबरोबर द्यावी आणि १०८ ला फोन करतानाच ‘लकव्याचा झटका’ असे शब्द वापरावेत. सीटी स्कॅन झाल्याशिवाय औषध देता येत नाही, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर हेच औषध जीव घेईल. हिमाचल प्रदेशात डोंगराळ जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर स्कॅनची छायाचित्रे दूरच्या मज्जाविकारतज्ज्ञाला मोबाइलवर पाठवतात आणि त्याच्या सल्ल्याने हे औषध मोफत देतात. तिथे जमते ते सपाट रस्त्यांच्या सोलापूर जिल्ह्यात का जमू नये?

औषधाची वेळ टळली तरी उपचाराची वेळ टळत नाही. ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात कक्षांत परिचारिकांना तीनच गोष्टींची शिस्त लावण्यात आली : ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची तपासणी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ९० दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण ५८ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आले. यात एकही महागडे यंत्र नव्हते. आपल्याकडे झटका आलेल्याच्या तोंडात आधी पाणी किंवा चहा घालतात. गिळण्याचे स्नायू कमजोर असतील तर तो घोट फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरांना गिळण्याची चाचणी शिकवणे ही माझ्या मते तालुका पातळीवरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तातडीची सुधारणा आहे.

उरलेला मेंदू कसा शिकतो

मेंदूचा नकाशा मोठेपणी पक्का असतो, असे फार काळ मानले जाई. १९९६ साली रँडॉल्फ नूडो यांनी माकडांच्या मेंदूत हाताच्या क्षेत्रात लहानशी इजा करून पाहिली. ज्या माकडांना नंतर बारीक खाचेतून अन्नाचे तुकडे काढण्याचा सराव दिला, त्यांच्यात शेजारचे हाताचे क्षेत्र टिकून राहिले. सराव न मिळालेल्यांत तेही आक्रसले. एडवर्ड टाउब यांचे निरीक्षण याला पूरक होते. हात निकामी असल्यामुळे माणूस तो वापरणे सोडतो आणि न वापरल्यामुळे तो आणखी निकामी होतो. यावर त्यांनी चांगला हात जाड मोज्यात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हातानेच दिवसभर कामे करायला लावायची, हा उपाय काढला. २२२ रुग्णांवरील ‘एक्साइट’ चाचणीत (२००६) दोन आठवड्यांच्या अशा उपचाराचा लाभ वर्षभर टिकला. अट एवढीच की मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता यायला हवीत.

आता मात्रेचा प्रश्न. प्रयोगशाळेतले प्राणी दिवसाला शेकडो वेळा तीच हालचाल करतात. अमेरिकेतील पुनर्वसन केंद्रांत प्रत्यक्ष मोजदाद झाली (२००९), तेव्हा एका सत्रात हाताच्या उपयुक्त हालचालींची सरासरी पुनरावृत्ती निघाली ३२. प्रगत देशातल्या केंद्राची ही गत असेल, तर आठवड्यातून एकदा ‘शेक आणि मसाज’ घेणाऱ्या रुग्णाच्या मेंदूला शिकायला काय मिळते? मालिशने त्वचेला बरे वाटते, स्नायूचा ताठरपणा घटकाभर सैलावतो. मेंदूचा नवा मार्ग मात्र रुग्णाने स्वतः केलेल्या प्रयत्नातूनच घडतो.

वेळेबद्दलही आता बरेच स्पष्ट झाले आहे. २०२१ च्या एका अमेरिकी चाचणीत हाताच्या सरावाचे जादा २० तास वेगवेगळ्या काळात दिले गेले. सर्वांत जास्त लाभ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिलेल्यांना झाला, सहा महिन्यांनंतर दिलेल्यांना दिसण्याजोगा झाला नाही. मग सहा महिन्यांनंतर आशा सोडायची का? नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथे तीन आठवड्यांत ९० तास सराव दिलेल्या जुन्या रुग्णांचा हात सुधारला, आणि ती सुधारणा नंतरही टिकली. त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, तेव्हा त्यावर जपूनच विसंबावे. पण दोन्ही एकत्र वाचले तर असे दिसते की उशीर झाला की मात्रा अनेक पटींनी वाढवावी लागते. उलट टोकाची घाईही घातक आहे. ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत (२०१५) पहिल्या २४ तासांतच रुग्णांना वारंवार उठवून चालवले, तेव्हा चांगला परिणाम ५० टक्क्यांऐवजी ४६ टक्क्यांतच दिसला.

यंत्रे आणि गोळ्यांनी या सरावाची जागा घेतलेली नाही. ७७० रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत (२०१९) हाताच्या रोबोटने नेहमीच्या उपचारापेक्षा हाताचे काम अधिक सुधारले नाही. फ्लुओक्सेटीन या गोळीविषयी २०११ मध्ये मोठी आशा निर्माण झाली होती. ३,१२७ रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत तिने परावलंबन कमी केले नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. आश्वासक निघाले ते मानेतील व्हेगस मज्जातंतूला सरावाच्या क्षणीच विद्युत स्पंदने देण्याचे तंत्र : १०८ जणांच्या चाचणीत (२०२१) लक्षणीय सुधारणा ४७ टक्क्यांत दिसली, तुलनेच्या गटात २४ टक्क्यांत. तिथेही रुग्णाला हालचाल शेकडो वेळा करावीच लागते.

घरच्यांवर किती टाकायचे?

भारतात फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, घरात माणसे आहेत, तर घरच्यांनाच शिकवावे हा विचार कुणालाही सुचेल. त्याची रीतसर परीक्षा आपल्याच देशात झाली. ‘अटेंड’ चाचणीत १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्ण होते. निम्म्यांच्या नातेवाइकांना रुग्णालयात प्रशिक्षण दिले आणि नंतर घरभेटीही झाल्या. २०१७ साली निष्कर्ष आला : सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के माणसे मृत किंवा परावलंबी होती. काहीच फरक नाही.

हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने घरच्यांचे कष्ट कमी लेखले जात नाहीत. सून, मुलगी, बायको सहा-सहा महिने जे करतात ते त्या चाचणीतही केले गेले. पण ज्या घरात सकाळी धारा काढायच्या, रानात जायचे, रोजंदारी बुडवायची नाही, त्या घरात शेकडो पुनरावृत्ती कोण मोजणार? ताठरपणा वाढला, खांदा दुखू लागला, रुग्ण उदास होऊन प्रयत्नच करेनासा झाला, तर सराव कसा बदलायचा हे कोण सांगणार? लुळ्या हाताला धरून रुग्णाला उठवले की खांद्याचा सांधा निसटतो आणि मग दुखण्यामुळे हातच कुणाला लावू देत नाही. असा रुग्ण जवळजवळ प्रत्येक गावात सापडेल. दोष घरच्यांचा नाही. हे काम त्यांना एकट्यांना दिले, हा दोष.

वाचेचेही तसेच. डाव्या मेंदूच्या इजेने बोलणे गेलेला माणूस पुष्कळदा आठवड्याचे वार, पाढे, हरिपाठ किंवा आरती सुरात म्हणू शकतो, कारण चाल आणि सवयीचे शब्द मेंदू वेगळ्या वाटेने आणतो. सुरावर आधारलेली वाचोपचार पद्धत १९७३ पासून वापरात आहे. पंढरपूरच्या इतक्या जवळ, जिथे घराघरात अभंग पाठ आहेत, तिथे तिला तयार सामग्री मिळते. पण इथेही मात्रा आहेच. जर्मनीत १५६ जुन्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास वाचोपचार दिला, तेव्हा झटक्यानंतर सहा महिने उलटून गेलेले लोकही अधिक बोलू लागले.

२०२५ चा धडा

पुनर्वसनाचा प्रश्न पक्षाघातापुरता नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. दूषित पाण्यातील कॅम्पिलोबॅक्टर जंतूकडे बोट गेले, रुग्णांचा आकडा २०० च्या पुढे गेला, आणि पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदला गेला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांपासून चढत जाणारा अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो. रक्तद्रव बदलण्याचा उपचार १९८० च्या दशकात आणि इम्युनोग्लोब्युलिन १९९२ च्या डच चाचणीने सिद्ध झाले. स्टेरॉइडचा उपयोग नाही. त्या महिन्यांत सगळी चर्चा इंजेक्शनांच्या किमतीची झाली, आणि ती रास्तच होती. पण व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या रुग्णाचे पुढे काय, हे बातम्यांत क्वचितच आले. तंतूवरचे वेष्टण आठवड्यांत भरून येते, मात्र तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंत पोचायला दोन-अडीच वर्षेही लागू शकतात. तोवर घोटा आखडू न देणे, स्नायू थकवून न टाकता हलते ठेवणे, हे पुनर्वसनच.

तालुक्यात काय शक्य आहे

सोलापूर हा राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या २०१२ मधील पहिल्या आठ जिल्ह्यांपैकी एक. तीच पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. रुग्णालयातील उपचाराचा खर्च अशा योजनेत बसवता येतो, कारण त्याला सुरुवात आणि शेवट असतो. घरी गेल्यानंतरच्या बारा-चौदा आठवड्यांच्या सरावाला तसे पॅकेज हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि दीर्घकालीन मज्जाविकार धरले. प्रमाणपत्र मिळते, पण त्याने हात चालत नाही.

उपाय गटात आहे, असे मला वाटते. ठरावीक स्थानकांवरून फिरत करायचा गटातील सराव पक्षाघातानंतरचे चालणे सुधारतो, याला चांगला आधार आहे. एक थेरपिस्ट एका वेळी सहा-आठ जणांकडे पाहू शकतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाने आणि हृषीकेश पवार यांच्या नृत्यवर्गाने कंपवाताच्या रुग्णांबाबत एकत्र येण्याची ताकद दाखवली आहे. घरी जो माणूस उठायला तयार नसतो तो चौघांत उठतो. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी आणि मोडनिंब या चार ठिकाणी एक फिरता थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा असा वर्ग घेऊ शकेल. त्यातला एक दिवस आठवडी बाजाराचा ठेवावा, म्हणजे गाडीभाडे वेगळे पडत नाही. सामान म्हणून दोन समांतर दांड्या, तीन पायऱ्या, टेकू असलेल्या खुर्च्या. हाताच्या सरावाला शेंगा फोडणे, ज्वारी निवडणे, तांब्या उचलून ओतणे, भाकरी थापणे, कारण मेंदू ज्या कामाचा सराव करतो तेच काम नीट शिकतो. मधल्या दिवसांत घरच्यांनी तोच सराव मोजून वहीत लिहावा, आणि आशाताईंनी वही तपासताना रक्तदाबही मोजावा, कारण एकदा झटका आलेल्याला दुसरा येण्याचा धोका मोठा असतो आणि बरे वाटू लागले की रक्तदाबाची गोळी बहुधा पहिल्यांदा बंद होते.

रुग्णालयातून सोडतानाच पहिल्या वर्गाची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली असावी, आणि ती झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यातली असावी.