बल्बची ऊब

गेल्या डिसेंबरात मी भगीरथ पॅलेसमध्ये साठ वॅटचा साधा, तारेचा बल्ब शोधत फिरत होतो. चांदणी चौकातला हा विजेच्या सामानाचा बाजार म्हणजे एकेकाळची बेगम समरूची हवेली. नोकरीच्या काळात वायर, स्विचगिअर, फ्यूज यांसाठी मी इथे शेकडो खेपा केल्या आहेत. तेव्हा दर दुसऱ्या दुकानात पिवळ्या बल्बांची खोकी माणसाच्या उंचीएवढी रचलेली असत. आता तीन दुकानांनी नुसती मान हलवली. चौथ्या दुकानदाराने विचारलं, "बाऊजी, किस के लिए चाहिए?"

"कछुए के लिए."

तो हसला नाही. त्याने पोऱ्याला माळ्यावर चढवलं. "चूज़े वाले भी यही ले जाते हैं," म्हणत त्याने धुळीने माखलेले चार बल्ब जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

कासव शेजारच्या बारा वर्षांच्या मुलाचं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मूळ अमेरिकेतलं, तळहाताएवढं. नोएडातल्या आमच्या सोसायटीत गारठा वाढला तसं त्याने खाणं सोडलं. मुलगा रडवेला होऊन आला, "अंकल, मैंने तो उसे शॉल में लपेटा था." पाण्यात थर्मामीटर घातला तर १४ अंश. त्याला समोर बसवून मी सांगितलं, की शाल ऊब देत नाही, असलेली ऊब धरून ठेवते. तुझ्या अंगात शेगडी आहे म्हणून तुला रजई चालते. कासवाच्या, सापाच्या, घोरपडीच्या अंगात ती शेगडी नाही. थंडगार कासव शालीत गुंडाळलं तर ते थंडगारच राहतं.

या नियमाला एक देखणा अपवाद आहे आणि त्याचा शोध आपल्याच देशात लागला. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने बंगालकडे अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली पाहिली. ती अंडी उबवते, असं त्याने १८३२ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. विद्वानांनी त्याचं म्हणणं उडवून लावलं. पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एक मादी अंड्यांवर बसली. प्राणिशास्त्रज्ञ वालांसिएन यांनी तिच्या वेटोळ्यांत तापमापक सरकवला, तर ती भोवतालच्या हवेपेक्षा खरोखरच गरम निघाली. स्नायू थरथरवून ती उष्णता निर्माण करते. एरवी तोच अजगर सगळी ऊब बाहेरून उसनी घेतो.

उसनी कशी घ्यायची, हे पाहायचं असेल तर जानेवारीत भरतपूरला जावं. केवलादेवच्या उद्यानात अजगर साळिंदरांच्या जुन्या बिळांत राहतात. रात्री वरची हवा कितीही गार पडली तरी खोल मातीचं तापमान फारसं हलत नाही. सकाळी ऊन चढलं की अजगर बिळाच्या तोंडाशी येऊन पसरतात, शेकतात आणि ऊन उतरायच्या आत पुन्हा आत जातात. आमच्या विदर्भातली बांधावर ऊन खात पडलेली घोणसही हेच करते. ऊब धरून ठेवणारं बीळ आणि ऊब देणारी एक जागा, एवढ्या दोन गोष्टी त्यांना पुरतात. पुढे माणसाने यंत्रं बरीच केली, पण जी टिकली त्यांत मला हीच जोडी दिसते.

दिल्लीत साप पाळण्याचा धंदा गारुड्यांचा. बदरपूरजवळच्या मोलडबंद गावात सपेऱ्यांची मोठी वस्ती आहे. १९८० च्या दशकात त्या भागात कामाला होतो, तेव्हा एका म्हाताऱ्या सपेऱ्याला विचारलं होतं, थंडीत नागाचं काय करता? त्याने खाटेखालची बांबूची पेटारी दाखवली. चुलीच्या भिंतीला टेकवलेली, तळाशी चिंध्या आणि वर गोणपाट. भिंत रात्रभर कोमट राही. म्हणजे त्याने घरातच बीळ केलं होतं. त्याच्या या हुशारीचं मला कौतुक वाटलं, पण नागाची दशा पाहून वाईटही वाटलं. दात उपटलेला नाग ऊबेत ठेवला तरी फार जगत नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा. त्याने नाग, अजगर, घोरपड, तारा कासव हे सगळे आपले प्राणी घरी ठेवणं गुन्हा ठरवलं. ते योग्यच झालं, असं मी मानतो.

सरकारी बाजूची गोष्ट १९५२ मध्ये सुरू होते. राजधानीत प्राणिसंग्रहालय हवं, अशी शिफारस भारतीय वन्यजीव मंडळाने केली. आराखड्यासाठी हॅम्बुर्गच्या हागेनबेक घराण्यातल्या जाणकाराला बोलावलं. पुराना किल्ल्याच्या पायथ्याशी बाग उभी राहिली आणि १ नोव्हेंबर १९५९ रोजी तिचं उद्घाटन केलं ते केंद्रीय कृषिमंत्री पंजाबराव देशमुखांनी, आमच्या अमरावतीच्या भाऊसाहेबांनी. माझी मुलगी पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत होती. तिला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा मी हे नाव मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

हागेनबेकांची ख्याती गज काढून टाकून खंदक खणण्याची, मोकळ्या हवेची. वाघाला, हरणाला ते मानवतं. सापाला दिल्लीची मोकळी हवा जानेवारीत मानवत नाही. सफदरजंगच्या वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ ला उणे ०.६ नोंदलं गेलं, आणि १ जानेवारी २०२१ ला १.१. म्हणून दर थंडीत सर्पगृहात हिटर लागल्याच्या, वाळका पाला अंथरल्याच्या बातम्या दिल्लीच्या वर्तमानपत्रांत येतात.

पण अख्खी खोली तापवणं हा महागडा आणि चुकीचा मार्ग, हे एका बाईने फार पूर्वी ओळखलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जोन प्रॉक्टर १९२३ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली. १९२७ मध्ये तिच्या आराखड्यावर नवं सर्पगृह उभं राहिलं. तिने प्रत्येक पेटीत विजेने एकच कोपरा गरम ठेवण्याची सोय केली, बाकीची पेटी गार ठेवली. कुठे बसायचं ते प्राण्याने ठरवावं. खिडकीच्या साध्या काचेतून ऊन येतं, पण त्यातले प्राण्याला लागणारे अतिनील किरण बहुतेक अडतात, म्हणून तिने ते आत सोडणारी खास काच वापरली. आयुष्यभर आजारी असलेली ही बाई १९३१ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेली. मी विजेच्या धंद्यातला माणूस; माझ्या लेखी ती आमच्याच जमातीची.

त्या गरम कोपऱ्याचं काम पुढे जगभर साध्या बल्बने केलं. या बल्बची वीज जेमतेम शेकडा पाच-दहा उजेडात जाते, उरलेली सगळी उष्णता होते. नोकरीभर आम्ही त्या उरलेल्या भागाला तोटा म्हटलं. पेटीतल्या प्राण्याला मात्र तोच भाग हवा असतो.

अर्थात बल्ब म्हणजे वीज आणि दिल्लीची वीज म्हणजे आमची परीक्षा. वीज पुरवायला आधी देसू हा उपक्रम, १९९७ पासून दिल्ली विद्युत बोर्ड, २००२ मध्ये खासगी कंपन्या. २ जानेवारी २००१ ची पहाट मी विसरणार नाही. धुक्यात उत्तरेची ग्रिड कोसळली आणि दिल्लीसकट सगळा उत्तर भारत अंधारात गेला. माझ्या एका मित्राच्या घरी असंच एक कासव होतं. त्याने फोन केला. मी सांगितलं, गॅसवर पाणी तापव, बाटल्यांत भर, कापडात गुंडाळून पेटीत कडेला ठेव आणि वरून रजई टाक. बाटल्या होत्या म्हणून त्या दिवशी रजईला अर्थ होता. वीज येईपर्यंत त्याने बाटल्या कितीदा बदलल्या कोण जाणे, पण कासव वाचलं.

मग ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना आली. छत्तीस कोटींहून अधिक एलईडी वाटले गेले. देशाची अफाट वीज वाचली आणि त्यात आम्हा लोकांचा वाटा आहे याचा मला आनंद आहे. एलईडीला हात लावला तर तो कोमट लागतो. त्याखाली कासव शेकत नाही. दुकानांतून पिवळा बल्ब गेला तशी ही फुकटची ऊबही घरांतून गेली. आता हौशी लोक उजेड न देणारे सिरॅमिक हिटर, तापणाऱ्या चटया विकत घेतात. नियंत्रण नसेल तर त्या चटया पोट भाजतात. प्राण्याला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही.

शेजारच्या मुलाच्या टाकीत पाणी चाळीस लिटर. पन्नास वॅटची काचेची हिटर-कांडी २४ अंश राखायला जवळजवळ सतत चालू राहायची, म्हणजे दिवसाला १.२ युनिट. आम्ही तीन बाजूंना आणि तळाला थर्मोकोल चिकटवला, वर हवेपुरती फट ठेवून झाकण केलं आणि अंडी उबवण्याच्या पेटीला लावतात तो थर्मोस्टॅट जोडला. आता कांडी तासातली वीसेक मिनिटं चालते, दिवसाला ०.४ युनिट. वाचलेल्या विजेत भगीरथ पॅलेसचा बल्ब दिवसभर पेटतो. तो एका विटेवर टांगलाय, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, ०.६ युनिट. पहिला बल्ब मी फार खाली टांगला होता. कासवाने डुबकी मारली, पाणी उडालं आणि तापलेली काच फुटली. आता वर जाळी आहे. अतिनील किरणांसाठी मुलगा दुपारी त्याला टबात घालून गच्चीवर नेतो. टबाचा अर्धा भाग तो सावलीत ठेवतो. हे मी सांगितलं नव्हतं, त्याचं त्याने ठरवलं.

नवव्या दिवशी त्याने दार वाजवलं. "अंकल, ईंट पर चढ़ गया!" जाऊन पाहिलं. कासव विटेवर मान लांब करून, मागचे दोन्ही पाय पसरून बल्बखाली पडलं होतं. दोन बल्ब उरले आहेत. ते मी त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवले आहेत.