दातांच्या तारेवर रबर का लावतात? त्यामागचा इतिहास

तार लावून सात-आठ महिने झाले, वेडेवाकडे दात बऱ्यापैकी ओळीत आले, की एके दिवशी आम्ही पेशंटच्या हातात एक छोटे पाकीट ठेवतो. आत बारीक रबरी रिंगा असतात. वरच्या सुळ्याजवळच्या हुकापासून खालच्या दाढेच्या हुकापर्यंत ती रिंग ताणून लावायची, जेवताना काढायची, जेवण झाले की तोंड धुऊन परत लावायची आणि रोज नवीन घ्यायची. हे सगळे सांगून झाल्यावर देवरीकडून मुलीला घेऊन आलेल्या एका आईने मला विचारले होते, "डॉक्टरसाहेब, तार तर लावली, मंग आता हे रबर कायले पाहिजे?"

प्रश्न रास्त होता. दवाखान्यात बाहेर दहा जण बसलेले असताना मी दोन वाक्यांत उत्तर दिले. पुरे उत्तर द्यायचे तर सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

रबराच्या झाडाचा चीक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या लोकांना फार जुन्या काळापासून माहीत होता. ते त्याचे चेंडू बनवत. पण कच्च्या रबराची एक खोड होती. थंडीत ते कडक होऊन तडकायचे आणि उन्हात वितळून चिकट व्हायचे. आपल्या गोंदियाच्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, त्याचा चिकट गोळाच झाला असता. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक मिसळून रबर तापवण्याची युक्ती सापडली. त्याला व्हल्कनायझेशन म्हणतात. आता रबर ताणले तरी मूळ आकारावर परत येऊ लागले आणि उन्हाथंडीतही टिकू लागले. 1845 मध्ये लंडनच्या स्टीफन पेरी यांनी रबरबँडचे पेटंट घेतले, तेही कागदपत्रे आणि पाकिटे बांधण्यासाठी. साधारण त्याच सुमारास अमेरिकेत टकर नावाच्या दंतवैद्यांनी रबरी नळीचे पातळ काप करून ते दात सरकवायला वापरले. तुमच्या पाकिटातल्या रिंगा आजही लॅटेक्सच्या नळीचे काप करूनच बनतात. दरम्यान जेट विमाने आली, मोबाइल आले. ही पद्धत मात्र तशीच राहिली.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. दोन दातांमधली फट बुजवायला काही मुले घरातला साधा रबरबँड थेट दातांभोवती गुंडाळतात. इंटरनेटवर तसे व्हिडिओही फिरतात. दात मुळाकडे निमुळता असतो, त्यामुळे रबर हळूहळू घसरत हिरडीच्या आत जाते आणि दिसेनासे होते. बाहेरून वाटते, ते गळून पडले. आत मात्र ते मुळाभोवतीचे हाड खात वर सरकत असते. चांगले निरोगी दात यामुळे हलू लागून काढावे लागल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आम्ही रबर नेहमी हुकाला अडकवतो, उघड्या दाताला कधीच नाही, त्याचे कारण हेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नुसती तार त्या-त्या जबड्यातले दात ओळीत आणते. पण वरचे दात पुढे आणि खालचे मागे असतील, तर दोन्ही रांगा सरळ होऊनही एकमेकींवर नीट बसत नाहीत. वरचे दात मागे ओढायचे तर आधार कशाचा घ्यायचा? विहिरीतून बादली ओढायची तर आपले पाय घट्ट रोवलेले हवेत, तसेच हे आहे. दाताला ओढताना तितकाच ताण आधारावरही येतो. न्यूयॉर्कचे नॉर्मन किंग्स्ली यांनी 1866 च्या सुमारास हा आधार डोक्याच्या मागच्या बाजूचा घेतला. टोपीसारखे साधन डोक्यावर आणि त्याला जोडलेला ताण दातांवर. किंग्स्ली शिल्पकारही होते, हात कुशल होता. पण ते साधन डोक्यावर चढवून शाळेत कोण जाणार?

बोस्टनचे हेन्री बेकर यांनी आधार तोंडाच्या आतच शोधला. त्यांनी रबराचे एक टोक वरच्या रांगेला आणि दुसरे खालच्या रांगेला लावले. वरचे दात मागे आणि खालचे पुढे, दोघेही एकमेकांना ओढतील. 1893 मध्ये त्यांनी हे पहिल्यांदा आपल्या मुलावरच वापरले. हा मुलगा, लॉरेन्स, पुढे स्वतः दात सरळ करणारा डॉक्टर झाला. या पद्धतीला 'बेकर अँकरेज' असे नाव पडले. शिकागोचे कॅल्विन केस म्हणत की हे आपण आधीच केले होते, आणि तो वाद बरेच दिवस चालला. मला स्वतःला पहिला कोण, यापेक्षा बापाने मुलावर हा प्रयोग केला याचे जास्त आश्चर्य वाटते.

ही पद्धत जगभर पोहोचवली ती एडवर्ड अँगल यांनी. वरचे-खालचे दात कसे जुळतात यावरून त्यांनी 1899 मध्ये केलेले तीन वर्ग आम्ही आजही वापरतो. तुमच्या केसपेपरवर 'क्लास टू' लिहिलेले दिसले, तर ते अँगल यांचेच. दात न काढता उपचार व्हावा असा त्यांचा आग्रह होता आणि रबरामुळे त्याला बळ मिळाले. रबराने खालचा जबडाच पुढे येतो, अशी त्या काळी आशा होती. 1931 नंतर डोक्याचे एका ठरावीक मापात एक्स-रे काढता येऊ लागले, तेव्हा दिसले की मुख्यतः दात सरकतात, जबड्याची वाढ फारशी बदलत नाही. म्हणून जबड्यातच मोठा फरक असेल तर आम्ही केवळ रबरावर विसंबत नाही.

मग रोज, आणि तेही जवळपास दिवसभर का लावायचे? त्याचे उत्तर स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी 1904-05 मध्ये दिले. कुत्र्यांच्या दातांवर ताण देऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दात ज्या बाजूला ढकलला जातो तिथले हाड विरघळते, मागच्या बाजूला नवीन हाड तयार होते. हे काम पेशी करतात आणि त्यांना सलग काही तास ताण मिळावा लागतो. रबर दोन तास लावून दिवसभर काढून ठेवले, तर पेशी कामाला लागण्याआधीच ताण संपतो. म्हणून आम्ही साधारण 20 ते 22 तास सांगतो. शिवाय लाळेत भिजलेले, ताणलेले रबर पहिल्या तासाभरातच ढिले पडू लागते. म्हणून रोज नवीन. आणि कालचे राहिले म्हणून आज दोन-दोन लावायची नाहीत. जास्त जोराने दात लवकर सरकत नाही, उलट दुखतो आणि मुळाला इजा होऊ शकते.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हेही फार आधी कळले होते की सगळी गाडी पेशंटच्या हातावर अडते. जर्मनीच्या एमिल हर्ब्स्ट यांनी 1909 मध्ये बर्लिनच्या परिषदेत एक धातूचा दांडा मांडला. तो दाढांना कायमचा बसवायचा, पेशंटला काढताच यायचा नाही. मधली कित्येक वर्षे तो विसरला गेला, 1979 मध्ये हान्स पँचर्झ यांनी परत वापरात आणला. काही केसमध्ये आम्हीही तसली साधने लावतो. पण ती महाग पडतात, मोडतात, आणि मोडली की परत यावे लागते.

हे परत येणे आपल्या भागात सोपे नव्हते. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय 1933 चे, देशातल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना 1965 ची, आणि नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय 1968 मध्ये सुरू झाले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा 1 मे 1999 ला झाला. दात सरळ करायचे म्हणजे दर महिन्याला रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर नागपूर गाठायचे, वडिलांची रोजी बुडवायची, संध्याकाळच्या गाडीने परत. आज गोंदियात सोय आहे, तरी देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावहून येणाऱ्याचा दिवस जातोच. पाकिटातले रबर मात्र घरीच आपले काम करते. त्याला एसटी लागत नाही.

घ्यायची काळजी थोडीच आहे. पाकीट उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा चुलीजवळ ठेवू नका. काही कंपन्यांच्या पाकिटांवर ससा, कोल्हा अशी चित्रे असतात. प्रत्येक प्राणी म्हणजे वेगळे माप, त्यामुळे मैत्रिणीचे पाकीट उसने घेऊ नका. ओठ सुजले, खाज सुटली, अंगावर पुरळ आले तर रबर काढा आणि आम्हाला लगेच फोन करा. श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांसाठी वेगळ्या पदार्थाची रबरे मिळतात.

देवरीची ती मुलगी पहिले तीन महिने फक्त रात्री रबर लावत होती. वरच्या आणि खालच्या दातांतले अंतर 9 मिलिमीटर होते, ते 9 च राहिले. मग मी आईला बसवून, वर लिहिलेल्यातले थोडे सांगितले. किंग्स्ली यांची टोपी ऐकून मुलगी हसली. आईने पाकीट जेवणाच्या ताटांशेजारी ठेवायला सुरुवात केली. पुढच्या भेटीत अंतर 7 भरले. उरलेली रबरे मोजायची माझी जुनी सवय आहे, म्हणून पाकीट मागितले. त्यात एकही उरले नव्हते.