हवायन गिटारचा उजवा हात

पोलादी कांबीने वाजविल्या जाणाऱ्या गिटारची ख्याती जी जगभर पसरली ती सर्वस्वी डाव्या हाताच्या जोरावर पसरली. तारांवरून सरकणारी ती कांब, तिच्यातून उमटणारी लांबलचक मींड आणि सुराला शेवटी येणारा कंप यांवर श्रोते लुब्ध झाले, आणि ज्या उजव्या हाताने प्रत्येक सूर जन्माला घातला व, जे अधिक दुष्कर, तो वेळीच संपविला, त्याची नोंद या वाद्याच्या दफ्तरात फारशी कोणी ठेविली नाही. मला तरी या वाद्याचे खरे स्थित्यंतर उजव्या हातातच दिसते.

साध्या गिटारमध्ये पडद्यावरचे बोट उचलले की सूर आपोआप मिटतो. येथे वाद्य मांडीवर आडवे, तारा उंच उचललेल्या, पडदे केवळ खुणेपुरते, आणि कांब एकाच वेळी अनेक तारांवर टेकलेली. त्यामुळे एक तार छेडून दुसरीकडे वळावे, तर पहिली घुमतच राहते, आणि कांब पुढे सरकताच तो शिळा सूरही तिच्याबरोबर फरफटत जातो. पाटीवर नवे अक्षर काढण्यापूर्वी जुने पुसून घ्यावे, तसे हे नाद पुसण्याचे काम उजव्या हाताकडे येते, आणि शिकणाऱ्याची खरी परीक्षा छेडण्यापेक्षा या पुसण्यातच होते.

हा हात कांबीच्याही आधीचा आहे. मेक्सिकोकडील गुराख्यांबरोबर १८३० नंतरच्या दशकात गिटार हवाई बेटांत पोचली. तेथील लोकांनी तिच्या तारा सैल करून आपल्या पद्धतीने जुळविल्या, आणि अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका धरून बोटांनी वरच्या तारांवर धून वाजविण्याचा शिरस्ता पाडला. ओआहू बेटावरील लाइए गावच्या जोसेफ केकुकू याने (जन्म १८७४) कामेहामेहा विद्यालयात शिकत असताना कांबीचे वादन परिणत केले असे सामान्यतः मानले जाते. काही कैफियतींत गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या एका हिंदी खलाशाकडेही हे श्रेय जाते, आणि आपल्याकडील अभिमानी मंडळी तारांवर गोळा सरकवून वाजविल्या जाणाऱ्या विचित्रवीणेचा दाखला देऊन तेवढ्यावर सनद लिहून द्यायला तयार असतात. पण पुरावा तोकडा आहे, आणि उजव्या हाताचा बाज तर निःसंशय त्या बेटांचाच. केकुकूने १९०४ मध्ये मायभूमी सोडली आणि पुढे अमेरिकेत व युरोपात ही कला हिंडविली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भव्य प्रदर्शनानंतर तर अमेरिकेत या वाद्याचे वेडच पसरले. क्लीव्हलंडच्या ओआहू कंपनीने आकड्यांच्या लिपीतील धडे घरोघर पोचविले. परंतु आकडा तार आणि पडदा सांगतो. सूर नेमका कोठे थोपवावा हे त्याच्याकडून शिकणे कठीणच.

इतके दिवस ही उणीव खपून जात होती, कारण लाकडी पेटीतला नाद लवकर विरतो. १९३२ मध्ये जॉर्ज बोशाँ व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांची विजेवर चालणारी गिटार लॉस एंजेलिसहून बाजारात आली आणि ती सवलत संपली. सूर दीर्घायुषी झाला, तसा नको असलेला सूरही. अंगठ्यात एक आणि तर्जनी-मध्यमेत दोन अशा नख्यांनी छेडावे, व लगोलग तळहाताची करंगळीकडील कड तारांवर टेकवून नाद मिटवावा, ही क्रिया आता अनिवार्य झाली. त्याच कडेचा अलगद स्पर्श कांबीच्या पुढे बरोबर सप्तकाच्या अंतरावर केला, तर घंटेसारखा स्वच्छ नाद निघतो. तोही उजव्या हाताचाच चमत्कार. पुढे बड आयझॅक्स याने १९५४ मध्ये गाजलेल्या ‘स्लोली’ या गीतात पायाने ताणल्या जाणाऱ्या तारांचा प्रयोग केला, नॅशव्हिलमध्ये पेडलांचा अंमल सुरू झाला, आणि द्रुत वादनासाठी तळहाताऐवजी नख्याच तारेवर परत टेकवून ती थांबविण्याची दुसरी पद्धत रूढ झाली. या दोहोंतील श्रेष्ठ कोणती, हा वाद वादकांत आजही मिटलेला नाही. ओहायोच्या जेरी बर्डने मात्र पेडल नाकारले, आणि सत्तरच्या दशकात हवाईत जाऊन तेथल्याच तरुणांना त्यांचे वाद्य शिकविले!

आपल्याकडे हवाईहून आलेला गिटारवादक ताऊ मो याचे कुटुंब महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास राहिले आणि तेथे या वाद्याची गोडी वाढली. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी चित्रपटगीतांच्या धुना तबकड्यांवर वाजविल्या. गाण्याची नक्कल करताना उजव्या हाताला फारसे काम नव्हते. ते आणले जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी. अली अकबर खाँसाहेबांकडे घेतलेली तालीम त्यांनी या विलायती वाद्यावर उतरविली, ठेका धरणाऱ्या चिकारीच्या तारांची जोड दिली, आणि आलापापासून झाल्यापर्यंतचा सारा विस्तार नख्यांच्या स्वाधीन केला. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर तीच गिटार ऐकू येते. येथे एक निराळीच अडचण उभी राहते. तळहात सरसकट टेकला तर चिकारीही मुकी होते, म्हणून जी तार थांबवायची तेवढीच थांबवून बाकीच्या बोलत्या ठेवाव्या लागतात. आणि विश्वमोहन भट्ट यांनी याच गिटारपासून घडविलेल्या मोहनवीणेत तर आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या बारा तारा अशा बसविल्या आहेत की त्यांनी मागे रेंगाळावे हाच त्यांचा हेतू.