जगात जर्मनी, भारतात परभणी : सायकल दुसऱ्यांदा शिकण्याचा इतिहास

१/ ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात अभिमानानेही उच्चारली जाते आणि थट्टेनेही. सायकलीच्या इतिहासात मात्र या दोन नावांना जोडणारा एक खरा धागा आहे. ट्रायथलॉनसाठी रोड सायकलवर बसणाऱ्या परभणीच्या नवशिक्याचा पहिला धडा २०० वर्षांपूर्वी जर्मनीतच गिरवला गेला.

२/ १२ जून १८१७. मानहाइम शहरातून कार्ल फॉन द्राइस हा गृहस्थ एका लाकडी दुचाकीवर निघाला. तिला पायडल नव्हते, साखळी नव्हती. जमिनीवर आळीपाळीने पाय रेटत त्याने जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटरचे अंतर तासाभराच्या आत कापले. दोन चाकांवर माणसाला तोल सांभाळता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

३/ पुढची प्रगती टप्प्याटप्प्याने झाली. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लागले. १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्लीने साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ बनवली. १८८८ मध्ये जॉन डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आजच्या सायकलीचा सांगाडा तेव्हाच ठरला.

४/ त्या काळी सायकल शिकणे हा प्रौढांचा उद्योग होता. त्यासाठी शहरांतून शाळा चालत आणि प्रतिष्ठित माणसे तिथे पैसे मोजून पडत-धडपडत. लिओ टॉलस्टॉय सायकल शिकले ते वयाच्या ६७ व्या वर्षी. मोठ्या वयात पडण्यात कमीपणा मानला जात नव्हता.

५/ भारतात ही लाज पुढे आली, कारण सायकल बालपणातच अंगवळणी पडू लागली. मद्रासमध्ये १९४९ साली टी. आय. सायकल्स आणि लुधियानात १९५६ साली हिरो सायकल्स सुरू झाली. जड लोखंडी, कॅरिअर-स्टँडची काळी सायकल गावोगावी पोहोचली. तासावर भाड्याने घेऊन, दांड्याखालून पाय घालत ‘हाफ पायडल’ मारत पिढ्या शिकल्या. तिच्यावर दुधाचे कॅन आले, चाऱ्याचे भारे आले. ती ओझ्याची आणि गरजेची सायकल होती.

६/ आता ट्रायथलॉनकडे वळू. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे पहिली आधुनिक ट्रायथलॉन झाली. पुढे हवाई बेटांवर वाद रंगला : सर्वांत तंदुरुस्त कोण, पोहणारा, धावणारा की सायकलपटू? नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याच्या बाजूने कौल दिला आणि तिन्ही प्रकार एकाच दिवसात पार करण्याची कल्पना मांडली.

७/ १८ फेब्रुवारी १९७८. ‘आयर्नमॅन’ला १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली. विजेता गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पोहोचला. अंतरे होती ३.८६ किमी पोहणे, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणे. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आहे : १.५, ४० आणि १० किमी.

८/ ही बेरीज पाहण्यासारखी आहे. आयर्नमॅन असो वा ऑलिंपिक, एकूण अंतराचा जवळपास चार-पंचमांश भाग सायकलीचा असतो. परभणीकडच्या मुलाने पाठीला डबा बांधून विहिरीत पोहणे शिकलेले असते. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी तो पहाटे मैदानावर धावलेलाही असतो. सायकल तर ‘येतेच’. नेमका हाच समज त्याला नडतो.

९/ काळ्या सायकलीने पायाला जोर लावण्याची सवय लावलेली असते. रोड सायकलवर हलका गिअर ठेवून मिनिटाला ८०-९० फेऱ्या माराव्या लागतात. गिअर वापरणे दुबळेपणाचे, असे कित्येकांना वाटते. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांचेही मत तसेच होते. गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला तिथे परवानगी मिळाली ती १९३७ साली.

१०/ दुसरा धडा वाऱ्याचा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून पाठ वाकवावी लागते. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी मागे असलेला ग्रेग लेमाँड ८ सेकंदांनी जिंकला. त्याच्या हँडलवर कोपरे टेकवायचे जे दांडे होते, ते आले होते ट्रायथलॉनपटूंकडून.

११/ बाकीचे धडे रस्ता देतो. जिंतूर किंवा गंगाखेड रस्त्यावर एका हाताने बाटली काढून पाणी पिणे, तोल न जाता मागे पाहणे, दोन्ही ब्रेक बेताने दाबणे, गळीत हंगामात दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीपासून दूर राहणे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो. तेव्हा पहाटेलाच निघावे लागते. आणि सायकलवरून उतरून धावू लागताच पाय लाकडासारखे होतात, त्याचाही सराव वेगळा करावा लागतो.

१२/ उशिरा शिकून चालते का? २०१५ साली माजी राष्ट्रीय जलतरण विजेते मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. त्याच वर्षी नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किमीची शर्यत जोडीने पार केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली.

१३/ यांपैकी कोणाचाही उदरनिर्वाह सायकलीवर नव्हता. दवाखाना, नोकरी, संसार सांभाळत, रोजच्या पहाटेतून वेळ काढत त्यांनी हे अंतर साधले. महागडी सायकल ही नंतरची गोष्ट आहे. छोट्या ‘स्प्रिंट’ ट्रायथलॉनमध्ये सायकलीचे अंतर २० किमी असते. सुस्थितीतील ब्रेक, हेल्मेट आणि जुनी गिअरची सायकल एवढ्यावर सुरुवात होते.

१४/ द्राइसच्या दुचाकीची तेव्हा चेष्टा झाली. १८५१ मध्ये तो कंगाल अवस्थेत वारला. पण आजही लहान मुलांना शिकवताना आधी पायडल काढून ठेवतात आणि जमिनीवर पाय रेटत तोल साधायला लावतात, म्हणजे मानहाइमचाच धडा देतात. परभणीच्या रस्त्यावर पहाटे अडखळणारा पंचविशीतला नवशिक्या त्याच धड्याची उजळणी करत असतो. त्याला हसणाऱ्यांना सायकल येते. तो ती दुसऱ्यांदा शिकतो आहे.